पावती दिली, पुढे काय? छोट्या संस्थांसाठी देणगीदार सांभाळण्याची कार्यपद्धती

देणगी मागायची कशी, हे शिकवणाऱ्या कार्यशाळा भरपूर होतात. आलेल्या देणगीनंतर काय करायचं यावर फारसं कोणी बोलत नाही, आणि छोट्या संस्थांची गळती नेमकी तिथेच असते. समजा गेल्या वर्षी २४० जणांनी पैसे दिले आणि त्यातल्या ९६ जणांनी यंदा पुन्हा दिले, तर ४० टक्के टिकले. उरलेल्या १४४ जणांच्या जागी नवे शोधण्यात कार्यकर्त्यांचं वर्ष जातं. हा आकडा आधी आपल्या संस्थेचा काढा. दोन वर्षांच्या पावत्यांच्या स्थळप्रती आणि एक मोकळी दुपार पुरते.

पुढचं सगळं महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या, कार्यालयात एक-दोन माणसं असलेल्या आणि पाचशेपासून पंचवीस हजारांपर्यंतच्या वैयक्तिक देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांसाठी आहे. एक सूचना आधीच: आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. इथे सगळ्यांच्या तोंडी असलेले जुनेच क्रमांक वापरले आहेत. पावतीपुस्तक नव्याने छापण्यापूर्वी सीएकडून चालू क्रमांक आणि नियम लिहून घ्या.

नोंदवही

एक्सेलची एकच फाइल ठेवा, ती संस्थेच्या ईमेल खात्यावर, कोणाच्या खासगी लॅपटॉपवर नको. रकाने असे: पूर्ण नाव (पॅनवर असेल तसं), हाक मारायचं नाव, पॅन, पत्ता पिनकोडसह, मोबाइल, ईमेल, देणगीची तारीख, रक्कम, कशाने आली, पावती क्रमांक, कशासाठी दिली, कोणाच्या स्मरणार्थ, संस्थेची माहिती कुठून मिळाली, नाव छापायला चालेल का, शेवटचं बोलणं कधी झालं आणि काय झालं. शेवटचा रकाना भरायचा सर्वांत जास्त कंटाळा येतो आणि पुढे तोच सर्वांत जास्त कामाला येतो.

माणूस ओळखायचा तो पॅनवरून. नावावरून ओळखायला गेलात तर एकच बाई एकदा आद्याक्षरांनी, एकदा पूर्ण नावाने आणि एकदा माहेरच्या नावाने अशी तीनदा नोंदली जाते, तिला तीन पत्रं जातात आणि तिच्या एकूण देणगीचा पत्ता लागत नाही. मोबाइलवरही विसंबू नका, नवरा-बायको सर्रास एकच नंबर देतात. पॅन नसेल तिथे नाव आणि पत्ता जोडीने पाहा.

पहिले ४८ तास

चेक आला की पावती लगेच फाटते, कारण नाव-पत्ता समोर असतो. यूपीआयचं तसं नाही. क्यूआर कोडवर आलेले १,००० रुपये बँकेच्या विवरणात अर्धवट नाव आणि यूपीआय आयडी एवढ्याच खुणेने दिसतात. देणाऱ्याला वाटतं, पैसे गेले म्हणजे संस्थेला कळलं. संस्थेला वाटतं, माहिती पाठवतील तेव्हा पावती देऊ. दोघंही वाट पाहत बसतात आणि मार्चमध्ये ‘अनोळखी जमा’ या नावाखाली पन्नास नोंदी साठतात.

म्हणून क्यूआरच्या खालीच ठळक छापा: ‘पैसे पाठवल्यावर नाव, पत्ता, पॅन आणि व्यवहाराचा स्क्रीनशॉट या क्रमांकावर पाठवा.’ गूगल फॉर्मचा क्यूआर शेजारी ठेवला तर आणखी बरं, पण त्यात सहापेक्षा जास्त प्रश्न नकोत. बँकेचं विवरण रोज सकाळी एकदा उघडायचं. महिनाअखेरीला उघडलं तर यूपीआय आयडीवरून माणूस शोधणं जवळपास अशक्य होतं.

पावतीवर संस्थेचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक, संस्थेचा पॅन, ८०जीच्या (देणगीदाराला करसवलत देणाऱ्या आयकर कलमाच्या) मंजुरीचा क्रमांक आणि तारीख, रक्कम अंकी व अक्षरी, कशाने मिळाली (चेक क्रमांक किंवा यूटीआर, म्हणजे बँकेचा व्यवहार क्रमांक), कोणत्या कामासाठी आणि सही. मार्चअखेरचे चेक हा कायमचा वाद असतो: २८ मार्चला हातात आला, ३ एप्रिलला वटला, तर तो कोणत्या वर्षाचा? सीएशी बोलून एकच नियम ठरवा, तो लिहून भिंतीवर लावा आणि पावतीवर मिळाल्याची व जमा झाल्याची अशा दोन्ही तारखा टाका.

पहिल्यांदाच देणाऱ्याला आठवड्याच्या आत फोन करा. ‘नमस्कार, संस्थेतून बोलतेय. तुमची देणगी मिळाली, पावती पाठवलीय. पोचली का, एवढंच विचारायला फोन केला.’ मग एकच प्रश्न: ‘आमच्याबद्दल कुठून कळलं?’ उत्तर ऐकायचं, नोंदवहीत लिहायचं. या फोनवर काही म्हणजे काही मागायचं नाही. वेळ सकाळी अकरा ते एक किंवा संध्याकाळी पाचनंतरची. देणगीदारांत निवृत्त मंडळी बरीच असतात आणि दुपारच्या झोपेतून उठवणाऱ्या संस्थेबद्दल कोणालाच ममत्व वाटत नाही.

८०जी: काय सांगायचं, काय नाही

‘अर्धे पैसे परत मिळतात’ हे वाक्य कार्यकर्त्यांच्या तोंडून काढून टाका. बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के रक्कम करपात्र उत्पन्नातून वजा होते, तीही उत्पन्नाशी निगडित १० टक्क्यांच्या मर्यादेत. म्हणजे १०,००० रुपये दिले तर ५,००० वजा, आणि २० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे सेससह साधारण १,०४० रुपये वाचतात. शिवाय नवी करप्रणाली घेतलेल्या व्यक्तीला ही वजावट मिळतच नाही. दोन हजारांपेक्षा जास्त रोख देणगीवर वजावट नाही, वस्तुरूप देणगीवरही नाही. हे आधी सांगितलं तर कोणी नाराज होत नाही. जुलैत विवरणपत्र भरताना कळलं तर फोन येतो आणि पुढची देणगी येत नाही. रोखीबद्दल आणखी एक: एका माणसाकडून एका दिवसात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायचीच नाही.

आर्थिक वर्ष संपलं की ३१ मेपर्यंत फॉर्म १०बीडी भरायचा, त्यात प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम आणि प्रकार जातो. तो भरल्यावर पोर्टलवरून प्रत्येकाचं १०बीई प्रमाणपत्र उतरवून त्याच मुदतीत पाठवायचं. देणगीदाराच्या वजावटीला आता हेच प्रमाणपत्र लागतं, नुसती पावती पुरत नाही. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क, आणि दंड १०,००० ते १,००,००० पर्यंत जाऊ शकतो.

चुका इथे ठरलेल्या होतात. पॅनमध्ये शून्याच्या जागी ओ पडतो. पैसे मुलाच्या खात्यातून येतात आणि पावती वडिलांच्या नावाने हवी असते. कोणी वर्षभरात चारदा देतो आणि त्यातली एक नोंद सुटते. म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात प्रत्येकाला एक ओळ पाठवा: ‘गेल्या आर्थिक वर्षात तुमच्याकडून एकूण अमुक रुपये मिळाले, पॅन अमुक, बरोबर आहे ना?’ निम्म्या दुरुस्त्या मे उजाडण्याआधी होऊन जातात. चुकीचा भरलेला १०बीडी सुधारता येतो, पण ते काम जूनमध्ये रडत करण्यापेक्षा हे बरं.

आभाराचं पत्र

‘आपल्या उदार देणगीबद्दल संस्था आपली शतशः ऋणी आहे’ हे पत्र सगळेच पाठवतात, म्हणून कोणीच वाचत नाही. असं लिहून पाहा:

‘सप्रेम नमस्कार. आपण १२ जून रोजी पाठवलेले ५,००० रुपये मिळाले, पावती सोबत आहे. ही रक्कम वसतिगृहातल्या आठवी-नववीच्या मुलींच्या सायकलींसाठी आहे. एका सायकलीला सगळं धरून ६,४०० रुपये लागतात: सायकल ५,२००, वाहतूक आणि जोडणी ४००, कुलूप-पंप ३००, वर्षभराची दुरुस्ती ५००. खरेदी जुलैत होईल आणि ऑगस्टअखेर आपल्याला कळवू. काही विचारायचं असल्यास याच क्रमांकावर फोन करावा.’

यात दुरुस्तीचे ५०० रुपये लपवलेले नाहीत, हे महत्त्वाचं. व्यवस्थापनाचा खर्च शून्य दाखवणारी संस्था दुसऱ्या वर्षी अडकते, कारण कार्यालयाचं भाडं आणि लेखनिकाचा पगार कुठून तरी द्यावाच लागतो. तो कामाच्या दरात धरा आणि तसं सांगा. आणि पत्रात ‘ऑगस्टअखेर’ लिहिलं की ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेलीच पाहिजे. सायकली यायला उशीर झाला, तर ‘उशीर झालाय, पुरवठादाराने सप्टेंबर सांगितलाय’ हेही ऑगस्टअखेरच कळवायचं.

पत्रावरचं नाव दोनदा वाचा. पतीच्या स्मरणार्थ पैसे पाठवणाऱ्या बाईंना ‘सौ.’ लावून पत्र गेलं, तर पुढे कितीही चांगला अहवाल पाठवा, उपयोग नाही. हे घडतं कारण जुन्या यादीत ‘सौ.’ असतं आणि यादीतून पत्रांवर नावं आपोआप भरणारं मेल मर्ज कोणाचं ऐकत नाही. देणारा आणि ज्याच्या स्मरणार्थ देणगी आहे तो, यांचे रकाने वेगळे हवेत, नाहीतर ‘कै.’ हयात माणसाच्या नावामागे लागतं. शंका असेल तिथे उपाधी गाळा, नुसतं नाव लिहा.

ज्यासाठी दिले, त्याचसाठी

सायकलींचे पैसे पगाराला वापरून ‘पुढच्या महिन्यात भरून काढू’ म्हणणं ही विश्वास संपण्याची सुरुवात. हिशेबात प्रत्येक विशिष्ट कामाच्या निधीचं वेगळं खातं ठेवा, बँक खातं एकच असलं तरी चालेल. पैसे उरले किंवा काम बदलायची वेळ आली, तर आधी देणगीदाराला विचारा, तेही लेखी. ‘तुमचे ३,२०० रुपये शिल्लक आहेत, ते हेल्मेटसाठी वापरू का?’ या प्रश्नाला सहसा होच येतं, आणि विचारल्याचं लोक लक्षात ठेवतात.

कायम निधीचं, म्हणजे मूळ रक्कम न मोडता ठेवायच्या कॉर्पसचं, वेगळं आहे. कॉर्पस म्हणून देणगी दाखवायची तर देणगीदाराचं तसं लेखी पत्र हवं, आणि ती रक्कम कायद्याने मान्य असलेल्या ठिकाणी कॉर्पस म्हणून स्वतंत्र गुंतवायची. संस्थेने मनाने ‘हे कॉर्पसमध्ये टाका’ ठरवलं तर तो कॉर्पस होत नाही.

इथेच आपल्याकडच्या अन्नदान ठेव योजनांबद्दल बोलायला हवं. ‘१०,००० रुपये ठेव द्या, व्याजातून दरवर्षी तुमच्या वडिलांच्या तिथीला मुलांना जेवण देऊ, कायमस्वरूपी.’ नव्वदच्या दशकात बँकेच्या ठेवीवर १२ टक्क्यांच्या आसपास व्याज मिळायचं, म्हणजे वर्षाला १,२०० रुपये, आणि तेवढ्यात साठ मुलांचं गोडाचं जेवण सहज व्हायचं. आज साडेसहा टक्के धरले तर ६५० रुपये येतात आणि एका ताटाला ३५ रुपये धरले तरी साठ ताटांचे २,१०० होतात. संस्था दरवर्षी पदरचे घालून तो शब्द पाळते, नाहीतर गुपचूप पाळत नाही. दुसरं जास्त वाईट, कारण तिथीच्या दिवशी घरचं कोणी सहज येऊन उभं राहतं.

नवी योजना काढायची तर तिला मुदत घाला, दहा किंवा पंधरा वर्षं, आणि छापील अर्जावर लिहा: ‘मुदतीनंतर रक्कम संस्थेच्या सर्वसाधारण कायम निधीत राहील.’ किंवा ठेव घेऊच नका. चालू वर्षाचा एका दिवसाचा खर्च जाहीर करा आणि दरवर्षी तिथीच्या महिनाभर आधी आठवणीचं पत्र पाठवा. व्याजावर विसंबण्यापेक्षा हे भक्कम, आणि दरवर्षी बोलणंही होतं. जुन्या ठेवीदारांना मात्र आकडे दाखवून मोकळेपणाने लिहा: ठेव वाढवायची का, की एका दिवसाच्या जेवणाऐवजी त्या दिवशीचं दूध-फळं चालतील? वारसांचे पत्ते याच पत्रात मागून घ्या.

गुप्तदान आणि नावाची पाटी

‘माझं नाव नको’ म्हणणाऱ्याचं नाव अहवालात आणि फलकावर नको, नोंदवहीत आणि पावतीवर मात्र हवंच. नाव-पत्त्याची कुठलीच नोंद नसलेल्या देणग्या धर्मादाय संस्थेकडे एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतल्या मोठ्या रकमेपेक्षा जास्त झाल्या, तर वरच्या भागावर ३० टक्के कर लागतो. दानपेटी ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पेटी दोन विश्वस्तांसमोर उघडा, रक्कम मोजून वहीत दोघांच्या सह्या घ्या, पैसे दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी बँकेत भरा.

नावाची पाटी लावायची असेल तर मजकूर कृतज्ञतेचा ठेवा. ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’ याला जीएसटी लागत नाही, तसा खुलासा २०१९च्या परिपत्रकाने झाला आहे. पाटीवर दुकानाची जाहिरात आली की ती सेवा ठरू शकते. आणि पाटी किती वर्षं राहील, इमारतीची डागडुजी झाल्यावर काय, हे आधीच लिहून ठेवा. रंगकामात उतरवलेली आणि परत न लावलेली पाटी नातवंडांच्या बरोबर लक्षात येते.

काय कळवायचं, कशाने

तीन महिन्यांतून एकदा, पानभर. काय झालं, काय झालं नाही, किती खर्च झाला, पुढे काय. सलग दोन वेळा नुसती माहिती गेल्याशिवाय तिसऱ्यात मागणी नको. हिशेब अर्ध्या पानात मावतो: जमा, खर्चाची पाच शीर्षकं, शिल्लक.

व्हॉट्सॲपवर देणगीदारांचा ग्रुप करू नका. सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात आणि आठवड्याभरात तिथे सुप्रभात सुरू होतं. ब्रॉडकास्ट यादी वापरा, पण ती २५६ जणांची असते आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. म्हणून पावती पाठवतानाच ‘हा नंबर संस्थेच्या नावाने सेव्ह करून ठेवाल का?’ विचारा. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना पोस्टाने पाठवा, छपाईचा खर्च वाया जात नाही.

फोटोंबद्दल कडक राहा. बालगृहातल्या, काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ने मनाई आहे. वाढदिवसाला केक घेऊन आलेल्या पाहुण्यांच्या मोबाइललाही ती लागू होते, हे दारातच हसत सांगायचं. मुलांनी काढलेली चित्रं, वर्गाच्या फळ्यावरचं अक्षर, सायकलींची रांग, पाठमोरे फोटो एवढं पुरतं. वस्तूंसाठी ‘हवं’ आणि ‘नको’ अशी यादी दर्शनी भागात लावा. जुने कपडे आणि मुदत संपलेली औषधं नाकारायला ती यादीच उपयोगी पडते, कार्यकर्त्याला वाईट व्हावं लागत नाही.

परदेशातून येणारे पैसे

भाचा अमेरिकेत आहे, तो पाठवतो म्हणतो. आधी विचारायचं: पासपोर्ट कुठला? भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही, पासपोर्टची प्रत मात्र फाइलला लावा. परदेशी नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं) असलं तरी, ती परकीय देणगी. एफसीआरए, म्हणजे परकीय देणग्यांच्या कायद्याखालच्या, नोंदणीशिवाय किंवा पूर्वपरवानगीशिवाय ती घेता येत नाही, आणि नोंदणी असेल तरी ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या नेमलेल्या खात्यातच यायला हवी. महाराष्ट्र फाउंडेशनसारख्या अमेरिकेतल्या संस्थेकडून आलेला निधीही याच नियमात बसतो. नोंदणी असलेल्या मित्रसंस्थेच्या खात्यात घेऊन आपल्याकडे वळवू, हा जुना मार्ग २०२०च्या दुरुस्तीने बंद झाला आहे. नाही म्हणावं लागलं तर लगेच आणि स्पष्ट म्हणा. इथल्या नातेवाइकाने स्वतःचे पैसे स्वतःच्या नावाने दिले तर प्रश्न नाही. फक्त परदेशातले पैसे त्याच्या खात्यातून फिरवून आणू नका.

एकदम शंभर चेक आले तर

‘लोकसत्ता’च्या ‘सर्वकार्येषु सर्वदा’ उपक्रमात गणेशोत्सवाच्या काळात संस्थेची ओळख छापून येते, किंवा पितृपंधरवड्यात पुण्याच्या ‘देणे समाजाचे’ प्रदर्शनात टेबल मिळतं, आणि नवखी संस्था गडबडते. पैसे येतात, पण एरवी महिन्याला वीस पावत्या लिहिणाऱ्या माणसासमोर शेकड्यांनी नावं येतात. दोन महिने पावत्याच गेल्या नाहीत तर त्या वर्षीचे नवे देणगीदार तिथेच संपतात. आधीच तयारी ठेवा: पावतीपुस्तकं किंवा छपाईयोग्य पावतीचा साचा, पाकिटं आणि तिकिटं, महिन्याभरासाठी दोन स्वयंसेवक, एक वेगळा फोन, आणि ‘चेक मिळाला, पावती पंधरा दिवसांत येईल’ असा तयार एसएमएस. चेकसोबत आलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. ‘आईच्या पहिल्या वर्षश्राद्धानिमित्त’ हे त्या चिठ्ठीतच असतं, चेकवर नसतं.

कंपन्यांच्या सीएसआरचं (सामाजिक जबाबदारीच्या निधीचं) तंत्र पूर्ण वेगळं आहे: सीएसआर-१ हा नोंदणी क्रमांक, करार, तिमाही अहवाल, सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र. मार्चपूर्वी कागद हातात नसतील तर तिकडच्या अधिकाऱ्याची अडचण होते आणि पुढच्या वर्षी तुमचं नाव यादीत नसतं. ते काम वैयक्तिक देणगीदार सांभाळणाऱ्या माणसाच्याच गळ्यात घालू नका.

पुन्हा मागणं, आणि गळालेले

दुसरी मागणी पहिल्या कामाचा निकाल कळवल्यानंतरच. रक्कम सुचवताना मागची आधार धरा: ज्याने २,००० दिले त्याला २५,००० चं पत्रक पाठवणं म्हणजे त्याचे दोन हजार कमी पडल्याचं सांगणं. दरमहा ५०० च्या स्वयंचलित यूपीआयचा पर्याय द्या, पण तो बंद कसा करायचा हेही त्याच पत्रात लिहा.

एप्रिलमध्ये नोंदवही चाळा: मागच्या वर्षी दिले, यंदा नाही, अशी यादी काढा. त्यात दोनदा-तीनदा दिलेल्यांना आधी फोन करा, एकदाच दिलेल्यांना पत्र. फोनवर ‘यंदा राहिलं का?’ म्हणू नका. ‘बऱ्याच दिवसांत बोलणं झालं नाही, मागच्या वर्षीच्या सायकलींचं सांगायचं होतं’ म्हणा. कारणं ऐकाल ती साधी असतात: पावती पोचली नाही, घर बदललं, मुलीकडे राहायला गेलो, कोणी कळवलंच नाही. पावती राहिली असेल तर त्याच दिवशी पाठवा.

आणि कधी पलीकडून कळतं की ते गेले. सांत्वनाचे दोन शब्द बोला, फोन ठेवा, त्या क्षणी नोंदवहीत खूण करा, व्हॉट्सॲपची यादी, पोस्टाची यादी आणि तिथीच्या आठवणींची यादी या तिन्हींतून नाव काढा. एकीत राहिलं की दिवाळीत त्या घरी त्यांच्याच नावाने आवाहन जातं. आठवड्याभरात विश्वस्तांच्या सहीचं हाताने लिहिलेलं पत्र घरच्यांना पाठवा: त्यांनी कधीपासून, कशासाठी दिलं होतं, एवढंच. त्यात खाते क्रमांक छापलेलं लेटरहेड वापरू नका.